जुळ्या मुलींपैकी एक हुशार, एक मागे. हे रक्तातच असतं की वाढवण्यावर असतं?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलो. 'सहा वर्षांच्या जुळ्या मुली आहेत, चेहरा सेम टू सेम, पण थोरली माझ्यावर गेलीय आणि धाकटी हिच्या माहेरच्यांवर.' अहो, मुली जर एकाच फलित बीजाच्या असतील तर एक तुमच्यावर आणि दुसरी तुमच्या सासुरवाडीवर जाईलच कशी? आईबापाकडून जे यायचं ते बीज दुभंगायच्या आधीच आलेलं असतं. दोघींना तेच आणि तेवढंच.

हे वाक्य मी दहाव्या वर्षापासून ऐकतोय. आमच्या जोडीतला 'आईकडच्यांवर गेलेला' तो मी.

आमचा जन्म माण तालुक्यातला, जानेवारी १९७३चा. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आई सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला जात होती. खाणं म्हणजे सुकडी आणि लाल मिलोची भाकरी. भाऊ सव्वादोन किलोचा निघाला, मी दीडच्या आतबाहेर. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, एकच होती, हे आई जन्मभर सांगत आली. एका वारेवर दोघं असली की वाटणी सारखीच होते असं नाही, एकाचं पोट भरतं आणि दुसरा अर्धपोटी राहतो. आमचं 'वातावरण' तिथूनच वेगळं झालं.

वडील परळच्या गिरणीत होते. दहा बाय बाराच्या खोलीत दोन तान्ही कशी सांभाळायची? वर्षभराने आई दणकट पोराला घेऊन मुंबईला गेली आणि मी आजोळी आजीकडे राहिलो. भाऊ महापालिकेच्या शाळेत जायचा. चाळीत पेपर यायचा तो मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि शेजारचे एक निवृत्त मास्तर संध्याकाळी गॅलरीत बसवून पाढे घ्यायचे. माझी शाळा मारुतीच्या देवळात. चार इयत्तांना मिळून एक गुरुजी, तेही दिवसाआड. उरलेल्या वेळात मी शेळ्या राखायचो. त्यात मी हुशार होतो, पण त्याची स्कॉलरशिप नसते.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि उन्हाळ्यात बिऱ्हाड गावी आलं. तोवर भाऊ म्हणजे जत्रेला दोन दिवस दिसणारा पाहुणा. आता तो कायमचा समोर उभा, माझंच तोंड आणि पायात चप्पल. पहिले आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पण रात्री दोघंही डावा हात डोळ्यांवर टाकून झोपायचो आणि शिंका एकदम तीनच यायच्या. आजी म्हणायची, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा.

चौथीला दोघं एका बाकावर. स्कॉलरशिपला दोघांनाही बसवलं. तो आला, मी नापास. निकालाच्या दिवशी वडील ओसरीवर चारचौघांत म्हणाले, "ह्यो आमच्यावर गेलाय. त्यो त्याच्या आयच्या माणसांवर." आई चुलीपुढे होती. तिथूनच म्हणाली, "वार एकच हुती." कुणी मान वळवली नाही.

संप काही मिटत नव्हता, पैसे एकाच्याच शिक्षणापुरते होते. भाऊ साताऱ्याला वसतिगृहात गेला, मी आठवीनंतर एका दुकानात पुड्या बांधायला लागलो. आज तो सरकारी अभियंता आहे, माझं खताबियाण्याचं दुकान आहे. दुकान बरं चालतं, गैरसमज नको. पण नापास झालेल्या पोराला कुणी विचारलं नाही की बाबा, तुला पाढे शिकवले कुणी?

लेक जीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, तिच्यामुळे हा विषय वाचायला लागलो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बूशार्ड यांनी १९७९पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेली जुळी शोधून तपासली. त्यातल्या जिम नावाच्याच दोन जुळ्या भावांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल, दोघांची पहिली बायको लिंडा आणि दुसरी बेटी. लोक तेवढंच सांगतात. लिंडाशी लग्न करायचं जनुक नसतं हो. कामाचा आकडा वेगळा: १९९०च्या त्यांच्या लेखात बुद्ध्यांकातल्या फरकापैकी साधारण ७० टक्के आनुवंशिक धरलाय. हा आकडा भावाने मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पण त्याच लेखात लिहिलंय की खऱ्या गरिबीत किंवा निरक्षर पालकांकडे वाढलेले त्यात फारसे नव्हते. म्हणजे मी नव्हतो. माझी आजी अंगठा उठवायची.

मग मी त्याला २००३चा एरिक टर्कहायमर यांचा अभ्यास पाठवला. अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांमध्ये, गरीब घरांत बुद्ध्यांकाच्या फरकात जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य आणि घरच्या परिस्थितीचा मोठा. सुखवस्तू घरांत नेमकं उलटं. त्यावर त्याने फक्त अंगठा पाठवला.

त्याआधी ब्रिटनमध्ये सिरिल बर्ट नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांच्या वेगळ्या वाढलेल्या जुळ्यांच्या जोड्या २१च्या ५३ झाल्या, तरी जोडीतल्या दोघांचे बुद्ध्यांक किती जुळतात त्याचा आकडा (सहसंबंध) दर वेळी ०.७७१च. ते गेल्यावर लोकांना शंका आली. आमच्या वडिलांचंही तसंच होतं. पुरावा कितीही वाढो, आकडा हलायचा नाही.

आणि टक्क्यांचा अर्थ नीट घ्या. उंची ८० टक्के आनुवंशिक म्हणजे माझ्या साडेपाच फुटांतले चार-साडेचार फूट वडिलांनी दिले, असं नव्हे. एका समाजातल्या माणसांच्या उंचीत जो फरक दिसतो, त्यातला एवढा भाग जनुकांतल्या फरकाने येतो, इतकंच. एकट्या मुलीला तो आकडा लावताच येत नाही, आणि तुमच्या दोघी जर एकाच बीजाच्या असतील तर दोघींतला फरक जनुकांच्या नावावर जवळजवळ टाकताच येणार नाही.

आता उलट बाजूही सांगतो, नाहीतर लेक ओरडेल. टर्कहायमर यांना जे दिसलं ते युरोप-ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांत तसं दिसलं नाही. २०१५ला जगभरच्या जुळ्यांचे अभ्यास एकत्र करून १७,८०४ गुणधर्म तपासले, तेव्हा सरासरी ४९ टक्के आनुवंशिक निघाले. म्हणजे दोन्हीकडच्यांना भांडायला जागा आहेच. शिवाय साखर मला चव्वेचाळीसाव्या वर्षी निघाली, भावाला बेचाळीसाव्या. तो दिवसभर खुर्चीत, मी पोती उचलणारा. लेक म्हणाली, बघा जनुकं. मी म्हटलं, पोटही एकच होतं ना, तेही दुष्काळातलं! पुण्याच्या केईएममधले डॉ. याज्ञिक वर्षानुवर्षं हेच सांगतायत, की आईच्या पोटात झालेल्या आबाळीचा हिशेब पुढे साखरेत निघतो. वेगळी वाढलेली जुळीसुद्धा पहिले काही महिने एकाच घरात असतात, हे मोजताना विसरतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं: डॉक्टर म्हणाले 'दोन वारा होत्या म्हणजे एकाच बीजाच्या नाहीत', तर तसं नसतं. एकाच बीजाच्या जुळ्यांतही साधारण तिसरा हिस्सा दोन वारांचा असतो. खात्री हवी तर डीएनए तपासून घ्या. वेगवेगळ्या बीजांच्या निघाल्या, तर तुमचं 'माझ्यावर, हिच्यावर' थोडंफार चालेल, तरी ते त्यांच्यासमोर बोलू नका. तुकड्या वेगळ्या मागा. एका बाकावर बसवलं की गुरुजींना तुलनेशिवाय दुसरं काम उरत नाही. आणि 'मागे' असलेलीला चष्मा लागतो का, नीट ऐकू येतं का, तेवढं आधी बघा.

आम्ही २०१९ला तपासणी केली. भाऊ आनंदाने तयार झाला, त्याला काय, तो पास झालेला. गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला. एकाच बीजाचे आहोत असा रिपोर्ट आला, तोवर वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. चुलत्यांना दाखवला तर म्हणाले, मशीन चुकत असंल.

आईने विचारलं, काय लिवलंय त्यात?

म्हटलं, वार एकच होती असं लिवलंय.

"आन् त्याला पैसं दिलंस व्हय?"