उलटणाऱ्या पट्ट्यांसमोर गँग्लियन पेशीचे मॉडेल गप्प का बसते?

आपला प्रश्न असा आहे की, गँग्लियन पेशीचे (दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या चेतापेशीचे) यादृच्छिक चौकटींच्या चित्रांवर बसवलेले आपले मॉडेल तशाच नव्या चित्रांवर चांगले चालते, पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्या जागच्या जागी उलटसुलट केल्या की एका विशिष्ट स्थितीत ते शून्य प्रतिसाद दाखवते आणि खरी पेशी मात्र स्पाइक (विद्युत स्पंद) देतच राहते. आपल्याला कोडमध्ये चूक असल्याची शंका आहे. मला ती चूक गृहीतकात दिसते.

रोडिक यांनी 1965 मध्ये मांडलेल्या, दोन गाउसियनांच्या (घंटाकृती वक्रांच्या) वजाबाकीच्या मॉडेलप्रमाणे आपले मॉडेलही आधी सगळा प्रकाश रेषीय पद्धतीने बेरजेत घेते. काळ्या-पांढऱ्याची सीमा ग्रहणक्षेत्राच्या (ज्या भागातील प्रकाशाला पेशी प्रतिसाद देते त्याच्या) बरोबर मधोमध आली की एक अर्धा भाग जितका उजळतो तितकाच दुसरा काळवंडतो आणि बेरीज शून्य होते; तिच्यापुढे कोणतेही अरेषीय फलन जोडले तरी हरवलेली माहिती परत येत नाही. मांजराच्या गँग्लियन पेशींपैकी एक्स प्रकारच्या पेशी साधारण अशाच वागतात, परंतु वाय प्रकारच्या पेशींना अशी शून्य-स्थिती नसते, हे एनरॉथ-कुगेल आणि रॉबसन यांनी 1966 मध्ये दाखवले.

वाय पेशीत बेरजेआधीच छाटणी होते, म्हणजे घटीचा भाग दाबला जातो. तिला संदेश देणाऱ्या बायपोलर पेशी लहान लहान उपघटकांसारख्या असतात आणि त्यांच्याकडून वाढ जितकी पुढे जाते तितकी घट जात नाही. ऑन प्रकारची (उजेड वाढल्यावर प्रतिसाद देणारी) पेशी घेतली, तर पहिल्या उलटीत डावी बाजू उजळून संदेश देते, दुसऱ्या उलटीत उजवी. म्हणून एका आवर्तनात स्पाइकांचे दोन झुबके दिसतात.

चौकटींच्या प्रयोगात हे लपले, कारण उपघटकांपेक्षा बरीच मोठी चौकट शेजारच्या अनेक उपघटकांना एकदमच उजळते, आणि स्पाइकपूर्व चित्रांची सरासरी तर मुळातच रेषीय वर्णन आहे.

नवे मॉडेल लिहिण्यापूर्वी आवर्तनाचा हिस्टोग्राम (एका आवर्तनात स्पाइक कधी येतात याचा आलेख) काढून, पट्ट्या सरकवल्यावर आवर्तनाच्या दुप्पट वारंवारितेचा घटक जवळपास स्थिर राहतो का, हे पाहावे. राहत असेल, तर एकाच आकाराच्या लहान फिल्टरांची जाळी, प्रत्येकानंतर छाटणी, मग भारित बेरीज आणि शेवटी एक अरेषीय फलन, एवढे पुरे. प्रत्येक फिल्टर स्वतंत्रपणे बसवण्याचा मोह टाळावा, कारण नोंदी तेवढ्या क्वचितच असतात. बारीक चौकटींच्या नोंदी मात्र घ्याव्या लागतील, आणि त्यांना प्रतिसाद क्षीण असल्याने जास्त वेळही द्यावा लागेल. पट्ट्यांच्या नोंदी केवळ चाचणीसाठी राखून ठेवाव्यात. त्या प्रशिक्षणात मिसळल्या, तर छाटणीची कल्पना बरोबर होती की मॉडेलने पट्ट्या पाठ केल्या, हे सांगता येणार नाही.