आराम करताना फुप्फुसाचा दाब ठीक असेल, तर सायकल मारत कॅथेटर तपासणी कशाला?

तुमच्या आईंना जिना चढताना धाप लागते, इकोत ठोस काही निघालं नाही, आणि आता डॉक्टर व्यायाम करताना फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजायचा म्हणतात. मी कॅथलॅबमध्ये काम करतो. माझं मत विचाराल तर तपासणी जरूर करा. त्रास श्रम करताना होतोय, तर दाबही श्रम करतानाच बघायला हवा.

आडवं पडलेलं असताना हा सरासरी दाब साधारण 14 मिमी (पाऱ्याचे, रक्तदाबासारखेच) असतो. 20 च्या वर गेला की जास्त. निरोगी फुप्फुसात श्रमाच्या वेळी मिटलेल्या रक्तवाहिन्या उघडतात, म्हणून रक्त दुपटीने वाहिलं तरी दाब फार चढत नाही. आजाराच्या सुरुवातीला आधी हीच राखीव ताकद संपते.

मानेच्या किंवा हाताच्या शिरेची जागा बधिर करून बारीक कॅथेटर (नळी) आत फुप्फुसाच्या धमनीपर्यंत नेतात. पेशंट जागाच असतो, पडल्यापडल्या पॅडल मारतो, भार टप्प्याटप्प्याने वाढवतात. धाप लागली की पडद्यावरची रेघ श्वासागणिक वरखाली होते, त्यामुळे एकच आकडा उचलून चालत नाही, बऱ्याच श्वासांची सरासरी घ्यावी लागते. ट्रान्सड्युसर (दाब मोजणारं यंत्र) छातीच्या मध्यापासून 10 सेंमी वरखाली असला तरी सातेक मिमीची चूक होते.

पूर्वी श्रमात 30 च्या वर गेलं की आजार म्हणत. पण पन्नाशीपुढची धडधाकट माणसंही ती रेघ ओलांडतात, म्हणून 2008 मध्ये तो निकष सोडला. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना दाब आणि रक्तप्रवाह यांचा मेळ बघतात. समजा दाब 18 वरून 33 झाला आणि प्रवाह मिनिटाला 5 लिटरवरून 12: लिटरमागे वाढ जेमतेम 2, म्हणजे ठीक. तोच 38 झाला आणि प्रवाह फक्त 9 वर अडला, तर वाढ 5. तीनच्या वर गेलं की ते बिघाडाचं लक्षण धरतात.

दोष फुप्फुसाच्या वाहिन्यांत आहे की हृदयाच्या डाव्या बाजूत, हे वेज प्रेशर सांगतं, म्हणजे कॅथेटरचं टोक फुप्फुसाच्या छोट्या धमनीत अडकवून मोजलेला दाब; तो हृदयाच्या डाव्या बाजूचा अंदाज देतो. तेही लिटरमागे 2 पेक्षा जास्त चढलं तर संशय डाव्या बाजूवर. हे कळल्याशिवाय औषध ठरवू नये, कारण फुप्फुसाच्या वाहिन्या सैल करणारी औषधं डाव्या बाजूच्या आजारात फुप्फुसात पाणी साचवू शकतात.

तेव्हा आधीच विचारून घ्या: श्रमाच्या टप्प्यांवर कार्डियाक आउटपुट (वर म्हटलेला मिनिटाचा रक्तप्रवाह) आणि वेज, दोन्ही मोजणार ना?