डनलूसचा मुदपाकखाना खरोखर समुद्रात पडला का?

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त डब्लिनला असतो. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार असून समुद्रकाठचा डनलूसचा किल्ला पाहण्याचा विचार आहे. त्याचा मुदपाकखाना वादळात माणसांसकट समुद्रात कोसळला, हे खरे आहे का? नुसत्या पडक्या भिंतींसाठी एवढा प्रवास करावा का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अवश्य करावा. मात्र आधी व्हिसाचे पाहावे. डनलूस उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात, म्हणजे युनायटेड किंग्डमच्या हद्दीत आहे. डब्लिनहून जाताना सीमेवर नेहमीची तपासणी नसते, तरी केवळ आयर्लंडच्या व्हिसावर तिकडे जाणे नियमात बसत नाही. भारतीयांसाठी दोन्ही देशांची अल्पमुदतीच्या व्हिसाची संयुक्त योजना आहे; आपला व्हिसा तिच्याखाली मिळाला आहे ना, याची निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

आता मुदपाकखान्याविषयी. 1639 मध्ये वादळी रात्री तो कड्यासकट खाली गेला, कोपऱ्यात बसलेला एक पोऱ्या तेवढा वाचला आणि किल्ल्याचा तेव्हाचा मालक असलेल्या दुसऱ्या अर्लच्या (अर्ल ही सरदारकीची पदवी) पत्नीने तेथे राहण्यास नकार दिला, अशी ही कथा सांगतात. परंतु मुदपाकखाना आजही जागेवर उभा आहे. समुद्रात गेली ती निवासी इमारतीची उत्तरेकडची भिंत, आणि तीही या कथेनंतर बऱ्याच काळाने, अठराव्या शतकात. कथा खोटी ठरली म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही, कारण किल्ल्याखालच्या कातळात लाटांनी कोरलेली गुहा एकदा पाहिली, की अशी कथा तेथे का रुजली असावी हे आपोआप समजते.

तो कातळ आपल्या ओळखीचा आहे. डनलूस ज्या बसाल्टवर उभा आहे तो सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तर आपला सह्याद्री त्याहून थोड्या आधीच्या लाव्हाचा. विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला तिन्ही बाजूंनी कडा आणि जमिनीकडून एकच वाट, ही जागेची निवड लगेच उमगेल. पूर्वेकडचे दोन गोल बुरूज मॅक्विलन घराण्याने इ. स. 1500 च्या सुमारास बांधलेले आहेत. पुढे सोळाव्या शतकात किल्ला मॅक्डॉनेल घराण्याकडे गेला, आणि 1608 मध्ये त्यांनी तटाबाहेर वसवलेले गाव 1641 च्या बंडात जळाले. त्या गावाचे फरसबंद रस्ते अलीकडच्या उत्खननात सापडले आहेत. माझ्या मते बहुतेक प्रवासी जिच्याकडे पाठ फिरवतात ती ही जागा बुरुजांइतकीच लक्ष देऊन पाहावी.

बेलफास्टहून कोलरेनमार्गे पोर्टरश येथे रेल्वेने जाता येते. तेथून किल्ला सुमारे 5 किलोमीटर आहे. पायऱ्या आणि ओबडधोबड जमीन असल्यामुळे पकड असलेले बूट घालावेत. वारा उन्हाळ्यातही बोचरा असतो. तेथून आणखी पुढे जायंट्स कॉजवेचे सुमारे 40,000 नैसर्गिक बसाल्टचे खांब आहेत. त्याच किनाऱ्यावर 1588 मध्ये स्पॅनिश आरमाराचे ‘हिरोना’ हे जहाज फुटले आणि त्याच्या तोफा डनलूसला आणल्या गेल्या. जहाजावरील ऐवज 1967 नंतर पाणबुड्यांनी वर काढला. तो बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये आहे, म्हणून परतीच्या वाटेवर दोन तास राखून ठेवावेत आणि माणके जडवलेले सोन्याचे पंखधारी सरड्याचे पदक आवर्जून पाहावे.