कोंबडी दोन दिवस घरट्यात बसते, कुंथते, पण अंडं येत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कोंबडी शेपूट खाली पाडून बसते, खात नाही, सारखी घरट्यात जाते आणि रिकामीच बाहेर येते. शिवाय तुमच्या बदकाची अंडी कवचाला मऊ येताहेत. आधी कोंबडीचं सांगतो, कारण तिच्याकडे वेळ कमी आहे.

ती खुडूक झाली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल, असं तुम्हाला वाटतंय. माझ्या एका तलंगेच्या (तरुण कोंबडीच्या) बाबतीत मीही तेच धरून चाललो होतो आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. ते अजून मनाला लागून आहे, म्हणून हा फरक नीट सांगतो. खुडूक कोंबडी पिसं फुलवते, हात नेला की गुरगुरते, टोचते, आणि दिवसातून एकदा उठून मोठी, घाण वास मारणारी विष्ठा टाकते. अंडं अडकलेली कोंबडी गप्प असते. ती पाय फाकवून ताठ उभी राहते, शेपूट वरखाली हलते, तुरा फिका पडतो आणि विष्ठा जवळजवळ होतच नाही, कारण अडकलेलं अंडं तीही वाट अडवतं. तुमचं वर्णन या दुसऱ्या प्रकाराशी जुळतं.

तिला आत्ता वेगळी करा. टबात कोमट पाणी घ्या, साधारण ३८ ते ४० अंश, आणि पोट बुडेल एवढ्या पाण्यात तिला १५ ते २० मिनिटं बसवा. अंगावर हात ठेवून हळू बोलत राहिलात तर बहुतेक कोंबड्या शांत होतात. नंतर पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी गारठली तर केलेलं सगळं वाया जातं. मागच्या द्वाराला थोडं तेल किंवा व्हॅसलीन लावा आणि तिला उबदार, अंधाऱ्या, शांत खोक्यात ठेवा. पशुवैद्याला विचारून कॅल्शियमचं औषध द्या. अंडं पुढे ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियम लागतं, त्यामुळे ते फक्त कवचासाठी असतं असं समजू नका. औषध चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा. तिची मान गळालेली असेल तर तोंडातून काहीच देऊ नका, ते श्वासनलिकेत जाईल.

पोट दाबून अंडं बाहेर काढू नका आणि ते आत फोडू तर मुळीच नका. कवचाचे तुकडे आतून कापतात आणि जंतुसंसर्ग होतो. दोन दिवस होऊन गेलेत, त्यामुळे आज काही तासांत अंडं आलं नाही, किंवा ती चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली, तर थेट पशुवैद्याकडे न्या. तिथे कॅल्शियमचं इंजेक्शन देता येतं. गरज पडली तर अंड्यातलं द्रव सुईने ओढून ते काढताही येतं.

पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागत असेल तर गोष्ट वेगळी. बलक अंडं तयार होणाऱ्या नळीत न पडता पोटात सांडला की असं होतं. त्यावर शेक पुरत नाही, डॉक्टरच लागतात.

अंडं आल्यावर मागे लाल मांस बाहेर राहिलं, म्हणजे अंग बाहेर आलं, तर बाकीच्यांपासून तिला लगेच दूर करा. लाल दिसलं की त्या टोचत सुटतात आणि तासाभरात जीव घेतात. ते मांस कोमट पाण्याने धुवा, ओलसर ठेवा आणि पशुवैद्याला दाखवा. पुढचे काही दिवस उजेड कमी ठेवला तर अंडी थांबतात आणि अंग भरून यायला सवड मिळते. अंडं घालताना क्षणभर दिसून आत जाणारं मांस मात्र नेहमीचंच, त्याची काळजी नको.

आता बदक. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. कोंबडीच्या अंड्याला नळीत लागणाऱ्या २४ ते २६ तासांपैकी जवळजवळ २० तास कवचातच जातात, आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो. बदकाचंही असंच. भात, भाकरी, दाणे यांनी पोट भरतं, पण कवच त्यातून होत नाही. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या पक्ष्यांच्या तयार खाद्यात, ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं, ते मुख्य ठेवा. संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या मादीला हवा ती खाईल. खाद्यात मिसळू नका, कारण जास्तीच्या कॅल्शियमने पिल्लांची मूत्रपिंडं बिघडतात. ऊनही हवं, त्यातून ड जीवनसत्त्व मिळतं, आणि ते कमी पडलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही.

बदकं बहुधा पहाटे अंडी घालतात. उजाडण्याआधी सोडलीत तर अंडं पाण्यात जातं आणि आपण उगाच समजतो की अडकलंय. एका मादीमागे दोन-तीन नर असतील तर ते कमी करा. चार-पाच माद्यांना एक नर पुरतो. जास्त नर मादीची पाठ सोलून काढतात, आणि अंग बाहेर आलेल्या मादीला तर त्यांच्याजवळ ठेवूच नका.

कोंबडीला आज अंडं आलं तरी दोन दिवस वेगळीच ठेवा आणि विष्ठा पाहत राहा. ती नेहमीसारखी पडू लागली आणि कोंबडी दाणे टिपू लागली की मगच खुराड्यात सोडा. अंड्याचं कवच खरबरीत, सुरकुतलेलं की कागदासारखं पातळ होतं, तेही इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.