वर्तुळ दिसलं, आता पुढे?

अनेक आशीर्वाद.

मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंत बुरशीवरचं औषध शोधतो आहेस, त्या प्लेटचा फोटो पाहिला. कॅन्डिडा या बुरशीच्या दुधाळ थरात खडूची भुकटी सांडल्यासारखी ती वसाहत, आणि भोवती बुरशी न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ. आनंद झाला असेल, व्हायलाच हवा. पण मिलिमीटर मोजून जातींचा जो क्रम लावला आहेस, तो तूर्त बाजूला ठेव. पॉलिईन या बुरशीनाशकांच्या घराण्यातले मोठे रेणू आगरमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या जेलीत, रखडत पसरतात. वर्तुळ लहान म्हणजे पदार्थ कमजोर, असं नसतं.

खरी अडचण वेगळीच आहे. जिवाणूची पेशी आपल्याहून फार निराळी, त्यामुळे नेमकं त्यालाच गाठता येतं. बुरशी मात्र पेशीच्या नात्याने आपली भाऊबंद. मातीचा नमुना लावताना बुरशी माजू नये म्हणून माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घालतोस ना? तेही स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जिवाणूचंच. ते बुरशीचे रायबोसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं, बंद पाडतं आणि आपलेही. म्हणून औषध न होता ते प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्येच राहिलं.

एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीतले जिवाणू वाढवून बुरशीवर तपासायच्या. ऑल्बनीत रेचल ब्राउन त्यांतला गुणकारी पदार्थ वेगळा काढायच्या. नमुने काचेच्या बरण्यांतून टपालाने जायचे! बुरशी मारणारे बहुतेक पदार्थ उंदरांनाही मारत. अखेर व्हर्जिनियातल्या एका शेताच्या मातीने दाद दिली आणि १९५० मध्ये निस्टॅटिन जाहीर झालं. ते बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉल या मेदाला धरतं. आपल्या पटलात कोलेस्टेरॉल असतं, फरक तेवढाच. तो इतका बारीक आहे की निस्टॅटिन आजही त्वचेवर किंवा तोंडात चालतं, शिरेतून नाही. त्याच पॉलिईन घराण्यातलं अ‍ॅम्फोटेरिसिन बी शिरेतून देतात, पण मूत्रपिंडांवर डोळा ठेवून.

तेव्हा तुझ्या अर्काने तांबड्या रक्तपेशी फुटतात का, हे पहिल्याच आठवड्यात बघ. सोबत अतिनील वर्णपटही घे. मी तो आळस केला होता. एका जातीमागे तीन महिने घालवले, नावसुद्धा मनात ठरवलं, आणि मग आलेखावर २९१, ३०४, ३१९ नॅनोमीटरच्या आसपास तीन शिखरं उभी! टेट्राईन, म्हणजे चार दुहेरी बंधांची साखळी असलेलं पॉलिईन. निस्टॅटिनचंच गोत्र.

आणि हो, बीजाणू आज संध्याकाळीच ग्लिसरॉलमध्ये घालून गोठव. प्लेटवरून प्लेटवर फिरवत राहिलं की स्ट्रेप्टोमायसिस कधी कधी पदार्थ बनवणंच सोडून देतो, आणि मग ते वर्तुळ फक्त फोटोत उरतं.