फिनिक्समध्ये गाडी चालवणं खरंच इतकं धोक्याचं आहे का?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये पुण्याहून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला बदली होते आहे, दिवाळीच्या सुमारास आई-वडीलही येऊन राहणार आहेत, आणि जो भेटेल तो सांगतोय की तिथले ड्रायव्हर फार वाईट. पुण्यात बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाने हे कितपत मनावर घ्यावं?

घ्या मनावर. मी गेली अकरा वर्षं चँडलरमध्ये राहते, म्हणजे फिनिक्सला लागूनच, आणि रोजचं जाणं-येणं पन्नासेक किलोमीटर आहे. माझं मत असं की इथली माणसं पुण्यातल्यांपेक्षा वाईट गाडी चालवत नाहीत. पण इथला रस्ता माणसाला बेसावध करतो, आणि बेसावध क्षणी गाडीचा वेग सत्तर-ऐंशी किलोमीटर असतो. पुण्यात दिवसातून चार जण घासून जातात, आरशाला आरसा लागतो, दोन शब्द होतात आणि विषय संपतो. इथे वर्ष-वर्ष ओरखडा येत नाही. आला तर तो ओरखडा नसतो.

रस्ते असे का झाले हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. १९५० साली फिनिक्सची लोकसंख्या १,०६,८१८ होती. २०२० च्या जनगणनेत ती १६,०८,१३९ भरली, अमेरिकेतलं पाचवं मोठं शहर. आजूबाजूची मेसा, चँडलर, गिल्बर्ट, बकाय ही गावं वेगळीच. हे सगळं वाढलं ते जुन्या जमीन मोजणीच्या चौकटींवर. एकोणिसाव्या शतकात इथली जमीन एक मैल बाय एक मैल अशा तुकड्यांत मोजली गेली, त्या तुकड्यांच्या हद्दीवरून कापसाच्या आणि लसूणघासाच्या शेतांतले रस्ते गेले, आणि शेतं जाऊन वसाहती आल्या तेव्हा तेच रस्ते सहा लेनचे झाले. म्हणून दर मैलाला एक मोठा रस्ता, रुळासारखा सरळ, वळण नाही, चढ नाही, कडेला झाड नाही. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर. पण रस्त्याची रुंदी बघून पाय आपोआप पंचावन्न मैलांवर जातो. माझाही जातो. मी तो रोज मागे घेते.

जिथे शहर अजून वाढतंय, म्हणजे क्वीन क्रीक, बकाय, सरप्राइझ या बाजूंना, तिथे आणखी एक गोष्ट सांभाळा. बिल्डर स्वतःच्या वसाहतीसमोरचा रस्ता रुंद करून देतो, शेजारचं शेत अजून विकलेलं नसतं. त्यामुळे तीन लेन चालू असताना एकाएकी एकच उरते, पाव मैलाने पुन्हा तीन होतात. कडेच्या लेनमधला माणूस शेवटच्या क्षणी आत घुसतो. तो दरवेळी उद्धट असतो असं नाही, बऱ्याचदा तो महिन्यापूर्वीच इथे राहायला आलेला असतो. मी या भागात अगदी डावीकडच्या, रस्त्याच्या मध्याला लागून असलेल्या लेनमध्येच राहते.

आता सिग्नल. हिरवा झाला की लगेच निघू नका, मनात तीन मोजा आणि डावीकडे-उजवीकडे बघून निघा. पिवळ्यावर चौकात शिरणं इथे कायद्याला मंजूर आहे, चौक आठ-आठ लेन रुंद आहेत, आणि लाल झाल्यावरही एक-दोन गाड्या सर्रास येतात. ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने २००८ ते २०१७ या दहा वर्षांचे आकडे तपासले होते. लोकसंख्येच्या मानाने सिग्नल तोडण्यातून झालेल्या मृत्यूंत ॲरिझोना देशात पहिलं निघालं. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे.

तुमच्या प्रश्नातली आई-वडिलांची ओळ वाचली आणि खरं म्हणजे त्यासाठीच हे उत्तर लिहायला बसले. कारण इथे गाडीत बसलेल्यापेक्षा पायी चालणाऱ्याला धोका जास्त आहे, आणि आपल्याकडचे आई-बाबा चालतात. पहाटे चालतात, संध्याकाळी चालतात, समोर वाणसामानाचं दुकान दिसलं की गाडी कशाला म्हणून निघतात.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा चौथ्या दिवशी आम्ही दोघी घराजवळच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. सिग्नल दोन्ही बाजूंना अर्ध्या मैलावर. मी तिला सांगतच होते की चालत तिथपर्यंत जाऊ, तेवढ्यात कडेच्या लेनमधली बाई थांबली आणि हाताने ‘जा’ म्हणाली. आईने नगरला सबंध आयुष्य केलं तसंच केलं, एक हात वर केला आणि निघाली. थांबलेल्या गाडीच्या पुढे तिने पाऊल टाकलं आणि पलीकडच्या लेनमधून पांढरी पिकअप त्याच वेगात निघून गेली. त्याला थांबलेल्या गाडीआडची आई दिसणं शक्यच नव्हतं. तिच्या ओढणीचं टोक उडून तोंडावर आलं, इतकी जवळून. आई तशीच उभी राहिली, हात वरच. मी तिला दंडाला धरून मागे आणलं. ती एवढंच म्हणाली, “अगं, ती तर थांबली होती ना.”

एक गाडी थांबली म्हणजे रस्ता थांबला, हा आपल्याकडचा अनुभव. पुण्यात तो बराचसा खरा आहे, कारण मागचे सगळे वीस-पंचवीसच्या वेगात असतात आणि हात बघून वाट काढतात. इथे तो जीव घेऊ शकतो. तुमच्या आई-बाबांना पहिल्याच दिवशी हे समजावा, नुसतं सांगू नका, बरोबर नेऊन दाखवा. सिग्नलवर खांबाचं बटण दाबायचंच. बटण न दाबता हिरवा झाला तर कित्येक चौकांत तो गाड्यांपुरताच असतो, चालणाऱ्याला अर्ध्यात गाठतो. इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे लाल असतानाही उजवीकडे वळायची त्यांना मुभा आहे, आणि वळणारा त्या वेळी डावीकडून येणारी गाडी बघत असतो. आपण त्याच्या उजवीकडून येतो. त्याच्या नजरेला नजर मिळाल्याशिवाय पाय टाकायचा नाही. आणि अंधारात चालायला जाताना चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. आईला आधी ते रस्ता झाडणाऱ्यासारखं वाटलं. मीही घातलं, तेव्हा तिने घातलं.

तुम्हाला चालक म्हणून एक वेगळा दिवा भेटेल, हॉक म्हणतात त्याला. शेजारच्या टक्सनमध्ये तो जन्मला. कोणी बटण दाबलं नसेल तर तो पूर्ण बंद दिसतो, तेव्हा सरळ जायचं. आधी पिवळा लुकलुकतो, मग पिवळा स्थिर होतो, मग लाल, तेव्हा थांबायचं. त्यानंतर लाल दिवे आलटून पालटून लुकलुकतात, तेव्हा थांबून, रस्ता मोकळा आहे हे बघून जायचं. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. शाळेसमोर सकाळी रस्त्याच्या मध्यावर हलते फलक आणून ठेवतात, तिथे मर्यादा ताशी फक्त १५ मैल, आणि ती काटेकोर पाळायची. मोठ्या रस्त्यावर २० मैलांहून जास्त मर्यादा ओलांडली तर तो साधा दंड राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. व्हिसावर असलेल्या माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं. फोन हातात धरायला २०२१ पासून दंड आहे.

तुम्ही जूनमध्ये येताय म्हणजे नेमके इथल्या पावसाळ्याच्या तोंडावर. १५ जून ते ३० सप्टेंबर. पाऊस थोडा, पण त्याच्या आधी धूळ येते.

२०१६ च्या जुलैत आम्ही टक्सनहून परत येत होतो, मी चालवत होते, शेजारी सासूबाई, मागे नवरा आणि मुलगा. पिकाचो पीकचा डोंगर मागे टाकला आणि डावीकडे क्षितिजावर तांबूस भिंत दिसली. मला वाटलं आपण निसटू. पाच मिनिटांत ऊन पिवळं झालं, मग गाडीला कोणीतरी खांदा मारावा तसा वारा लागला, मग काचेवर वाळूचा आवाज, कढईत मोहरी तडतडावी तसा. पुढच्या गाडीचे लाल दिवे होते आणि नव्हते झाले. नवरा मागून म्हणाला, पूर्ण बाहेर घे, डांबर सोड. मी मातीत उतरवली. माझा हात आपोआप चारी दिवे लुकलुकण्याच्या बटणाकडे गेला, आणि त्याने ओरडून थांबवलं.

हे पाठ करून ठेवा. रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभं राहायचं, सगळे दिवे बंद, लुकलुकणारेसुद्धा, हँडब्रेक ओढायचा आणि ब्रेकवरून पाय काढायचा, म्हणजे मागचे लाल दिवे विझतात. पट्टा बांधून आतच बसायचं. धुळीत आंधळा झालेला माणूस समोरच्या दिव्यांना रस्ता समजतो आणि त्यांच्या मागे जातो. आमच्या पुढे थोड्या अंतरावर एक गाडी दिवे लुकलुकवत कडेला उभी होती. धूळ जरा विरळ झाली तेव्हा आम्ही पाहिलं, एक ट्रेलर तिच्याच रोखाने डांबर सोडून येत होता. त्याने शेवटच्या क्षणी सावरलं. आम्ही वीस मिनिटं तिथे होतो, सासूबाईंची रामरक्षा तीनदा म्हणून झाली. माझ्या हाताला त्या बटणाची सवय होती, त्या दिवसापासून मी ती मोडली.

त्याच रस्त्यावर आता सुमारे दहा मैलांत धूळ हेरणारी रडार यंत्रणा बसवली आहे. धूळ दिसली की वेगमर्यादेचे आकडे ताशी ७५ मैलांवरून खाली ३५ पर्यंत उतरतात. तो आकडा उतरलेला दिसला तर मर्जी चालवू नका. ५ जुलै २०११ ला फिनिक्सवर आलेलं वादळ सुमारे मैलभर उंच होतं. पडीक शेतं आणि बांधकामासाठी खरवडून ठेवलेली जमीन या धुळीला खतपाणी घालतात, म्हणजे शहर वाढतंय त्याचाही यात वाटा आहे.

पावसाचं थोडक्यात. महिनोन् महिने रस्त्यावर तेल आणि रबर साचतं, पहिल्या सरीत ते वर येतं, आपल्याकडे वळवाच्या पावसात दुचाक्या घसरतात तसंच. आणि कोरडे ओढे. आपल्याकडच्या फरशी पुलासारखा रस्ता ओढ्यातून जातो, एरवी त्यात पाणी नसतं, आणि डोंगरात कुठे पाऊस पडला की इथे कोरड्या उन्हात लोंढा येतो. अडथळा ओलांडून गाडी पाण्यात घातली तर सुटकेचा खर्च चालकाकडून घ्यायचा कायदा इथे १९९५ पासून आहे. तेही माणसं करतात, म्हणून कायदा करावा लागला.

गाडी सेकंडहँड घेणार असाल तर टायर आधी बघा. २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ११० फॅरेनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या, खाली उतरला नाही. डांबर त्याहून कितीतरी तापतं. नक्षी चांगली दिसली तरी रबर आतून सुकलेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी संख्या असते, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. सहा वर्षांहून जुना असेल तर बदला. धुराची तपासणी इथे होते, पण टायर-ब्रेकची सरकारी तपासणी नाही, त्यामुळे फ्रीवेवर, म्हणजे सिग्नल नसलेल्या महामार्गावर, पुढच्याचा टायर फुटून पट्टा तुमच्या काचेवर येऊ शकतो. अंतर ठेवा. रात्री उशिरा फ्रीवेवर अगदी डावीकडची लेन टाळा. दारू पिऊन उलट्या दिशेने शिरलेला माणूस बहुधा त्याच लेनमधून समोर येतो, कारण त्याला ती आपली उजवी बाजू वाटते.

घर अजून ठरलं नसेल तर एक सांगते, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथले बरेच रस्ते नेमके पूर्व-पश्चिम धावतात. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटाला सूर्य अगदी रस्त्याच्या टोकाला उगवतो आणि दुसऱ्या टोकाला मावळतो. काच धुळकट असेल तर समोर पांढरा पडदा, सिग्नलचा रंगही कळत नाही. ऑफिसच्या पूर्वेला घर घेतलंत तर सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना दोन्ही वेळा ऊन पाठीशी राहील. पश्चिमेला घेतलंत तर दोन्ही वेळा डोळ्यांत. फक्त ऊन पाठीशी असलं की समोरून येऊन तुमच्या आडवा डावीकडे वळणारा उन्हाने दिपलेला असतो, त्याला तुम्ही दिसत नाही. म्हणून दिवसाही हेडलाइट चालू ठेवा. ऑफिस कोणत्या चौकाजवळ आहे ते खाली लिहा, मी जवळच्या वसाहती सांगते, जिथे आई-बाबांना मोठा रस्ता न ओलांडता फिरायला बाग असेल अशा.