रोजच्या पेट्रोल स्विफ्टला थोडा भारदस्त आवाज हवा आहे; कायद्यात बसणारा कोणता एक्झॉस्ट घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०२१ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वापर जवळजवळ सगळा ठाण्यातच, आवाज जरा गोल हवा, पण पोलिसांनी अडवू नये आणि पीयूसीला त्रास नको. दुकानदार म्हणतोय, "हा स्ट्रीट लीगल आहे, ८२ डेसिबल, बिनधास्त लावा."

तो बिनधास्त आहे, कारण दंड त्याला होणार नाही.

मी भोसरीत सायलेन्सर बनवणाऱ्या एका व्हेंडरकडे सात वर्षं काढली आहेत आणि स्वतःच्या गाडीवर यातली जवळजवळ प्रत्येक चूक करून झाली आहे. म्हणून थोडं लांबण लावतो. घाईत असाल तर एवढंच घ्या: कंपनीचा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि मधला रेझोनेटर (आवाज दाबणारा मधला छोटा डबा) तसेच ठेवा, फक्त मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सरचा शेवटचा डबा बदला, तोही आत कप्पे असलेला. आणि तरीही तो 'कायदेशीर आहे' असा कागद हातात येईल अशी आशा धरू नका.

आधी ते ८२ डेसिबल. किती अंतरावरून मोजले, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. आपल्याकडे नऊ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीला कंपनीतून निघताना ७४ डेसिबलची मर्यादा आहे, पण ती धावत्या गाडीची. गाडी पन्नासच्या वेगाने येते, ठरलेल्या रेषेवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबतात आणि मायक्रोफोन मधल्या रेषेपासून साडेसात मीटरवर असतो. उभ्या गाडीची चाचणी वेगळी. तिथे मायक्रोफोन टेलपाइपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांत धरतात. उघड्या मैदानात नुसतं अर्ध्या मीटरवरून साडेसात मीटरवर गेलं तरी आकडा तेवीसएक डेसिबलने उतरतो. त्यामुळे ८२ हा आकडा फार चांगला असू शकतो किंवा फार वाईट. दुकानदाराला अंतर विचारा. बहुतेक तो विषय बदलेल.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की मालकाने गाडीत असा बदल करू नये ज्यामुळे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. यावर गाडीवेड्या मंडळींचा ठरलेला युक्तिवाद असतो: "आरसीवर सायलेन्सर कुठे लिहिलाय?" बरोबर आहे, नाही लिहिलेला. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० आरसी बघत नाही. गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, आणि आवाज ठरलेल्या मानकात हवा, असं तो सांगतो. ते मोडलं की कलम १९०(२): पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. परवानगी नसलेले सुटे भाग लावून गाडीत बदल करणाऱ्या मालकासाठी १८२-अ वेगळं आहे, त्यात प्रत्येक बदलामागे पाच हजार. कोर्टकचेरीपर्यंत सहसा जात नाही, पण चौकातल्या हवालदाराकडे मीटर नसला तरी कान असतात. आणि रोड रोलरखाली चिरडलेल्या सायलेन्सरांच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यात बुलेटचेच जास्त असतात, पण गाडीला काही वेगळा नियम नाही.

काही आयात मफलरांवर गोलात 'ई' आणि एक आकडा कोरलेला असतो. तो खरा असेल तर चांगली खूण आहे, युरोपात बदली सायलेन्सरसाठी वेगळं मानक आहे आणि त्याची चाचणी झालेली असते. पण ती मान्यता विशिष्ट गाडीसाठीची असते, आणि तो छाप म्हणजे इथली परवानगी नव्हे. इथे खरी मान्यता म्हणजे आमच्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत तपासून मिळालेली. सुट्या मफलरच्या दुकानदाराकडे तसा कागद असेल तर माझा तुम्हाला नमस्कार, मलाही पत्ता द्या.

म्हणून व्यवहारातला 'लीगल' म्हणजे काय? धूर कंपनीइतकाच स्वच्छ आणि आवाज कंपनीच्या अगदी जवळ.

धुराची बाजू सोपी आहे, कारण तिथे काही करायचंच नाही. तुमची गाडी बीएस-६. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनला चिकटूनच बसवलेला आहे, त्याच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर. दुसरा सेन्सर कॅटवर पाळत ठेवतो. कॅट काढला, पोकळ केला किंवा स्वस्तातला लावला की चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी०४२० हा कॅट नीट काम करत नसल्याचा कोड येतो. मग 'रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून) दिवा घालवतो' म्हणणारा दुसरा महाभाग भेटतो, आणि खर्च पहिल्याहून जास्त. कोणी कॅट 'फुकटात काढून देतो' म्हणाला तर समजा की त्यातलं प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम तो विकणार आहे. उपकार तो तुमच्यावर करत नाही, तुम्ही त्याच्यावर करताय.

पीयूसीबद्दल एक गैरसमज फार आहे. पीयूसी केंद्रात आवाज मोजत नाहीत, धूर मोजतात. त्यामुळे 'पीयूसी झाली म्हणजे एक्झॉस्ट लीगल' हे चूक. उलट, आवाज अगदी सभ्य असूनही पीयूसी अडू शकते. बीएस-६ पेट्रोलला चढ्या आरपीएमवर लॅम्बडा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये लागतो. जोडावरचं पॅकिंग नीट बसलं नसेल तर फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा बिघडतो. म्हणून फिटिंग झाल्यावर इंजिन थंड असतानाच चालू करा, जाड फडक्याने टेलपाइपचं तोंड क्षणभर दाबून धरा आणि जोडांवर कुठे फुसफुस येते का ऐका.

आता आवाज. माझी खरी फजिती इथेच झाली. २०१६ मध्ये माझ्या जुन्या बाराशे सीसी हॅचबॅकला मी 'स्ट्रेट थ्रू' मफलर बसवून घेतला, म्हणजे आत नुसता भोकांचा सरळ पाइप आणि भोवती काचलोकर. दुकानात आयडलला आवाज इतका छान होता की मी घासाघीस न करता पैसे दिले. त्या रविवारी आईला घेऊन साताऱ्याला निघालो. चौथ्या गिअरला, चोवीसशेच्या आसपास सगळ्या केबिनमध्ये घूंऽऽऽ असा आवाज भरला. कानाला नाही, छातीला लागणारा. शिरवळला आई म्हणाली, "हे यंत्र बंद कर नाहीतर मला एसटीत बसव."

कारण साधं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ८० स्फोट, ८० हर्ट्झ. हा खालचा सूर काचलोकर शोषत नाही, ती बारीक, चढे आवाज खाते. खालचा सूर मारायला कप्पे लागतात, ज्यात लाट मागे परतून दुसऱ्या लाटेला छेद देते. कंपनीचा जुना मफलर मी एकदा ग्राइंडरने उभा चिरून पाहिला होता (व्हेंडरकडचा रिजेक्ट माल, कोणाची गाडी नाही). आत दोन पडदे, तीन कप्पे आणि आडवेतिडवे तीन आखूड पाइप. बाहेरून निव्वळ डबा. तो सगळा पसारा तुमच्या आईच्या छातीसाठीच असतो. (२०२४ ला आलेली नवी स्विफ्ट तीन सिलिंडरची आहे, तिथे त्याच आरपीएमला ६० हर्ट्झ येतात, म्हणजे काम आणखी अवघड.)

म्हणून मफलर आयडलला ऐकून घेऊ नका. त्याच मॉडेलवर बसवलेली गाडी मागा, मागच्या सीटवर बसा आणि दुसऱ्याला तिसऱ्या-चौथ्या गिअरात २००० ते २८०० मध्ये, हलक्या पायाने, चालवायला सांगा. शहरात तुमची गाडी दिवसभर तिथेच असणार आहे. तसंच जुन्या मफलरवर मोबाइलच्या अॅपने अर्ध्या मीटरवरून, ३५०० आरपीएमला आकडा घ्या, आणि नवीन लावल्यावर त्याच जागी, त्याच मोबाइलने पुन्हा. अॅपचा आकडा खरा नसतो, पण फरक बऱ्यापैकी खरा असतो. दोन-तीन डेसिबलच्या वर गेला तर मी परत करेन. दहाने वाढला तर माणसाच्या कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो, आणि हवालदारही माणूसच.

पिकअप वाढेल का? हाताला जाणवेल एवढा नाही. 'इंजिनला बॅकप्रेशर लागतंच' हेही खरं नाही. लागतो तो गॅसचा वेग. पाइप फार जाड केला की वेग पडतो आणि सिग्नलवरून निघताना गाडी मरगळल्यासारखी वाटते. बाराशे सीसीला पावणेदोन इंच पुष्कळ झाले. दुकानदार दोन-अडीच इंचाचं कौतुक सांगत असेल तर तो पत्रा खपवतोय.

शहरातल्या गाडीचा आणखी एक खास रोग: गंज. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. सकाळी टेलपाइपमधून टपटपतं ते तेच. लांबच्या प्रवासात मफलर तापून ते उडून जातं. घर ते स्टेशन ते घर अशा चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते आतच साचतं आणि डबा आतून कुजतो. साधा पत्रा त्यात फार टिकत नाही. कंपन्या बहुतेक ४०९ स्टील वापरतात, चांगला आफ्टरमार्केट माल ३०४ चा असतो. '३०४ आहे' म्हणणाऱ्यासमोर खिशातून फ्रिजचं चुंबक काढून सपाट भागावर लावा. खडकन चिकटलं तर ते ३०४ नाही. ४०९ असेल तरी चालेल, पण मग भाव ४०९ चा द्या. आणि डब्याच्या तळाला बारीक भोक दिसलं तर ते बुजवू नका, ते पाणी निघायलाच ठेवलेलं असतं.

फिटिंग नटबोल्टचं घ्या, कापून वेल्डिंग मारण्याचं नाही. उद्या मूळ मफलर परत लावायची वेळ आली तर अर्ध्या तासात लागला पाहिजे. तो माळ्यावर ठेवा, भंगारात देऊ नका. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उडण्याची भीती. डबा मूळच्यापेक्षा खाली लोंबत नाही ना बघा, कारण तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी आणि ठाण्याचे स्पीडब्रेकर मी पाहिलेत. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा.

रिमोटने उघडून आवाज वाढवणारा व्हॉल्व्ह घेऊ नका. 'पोलीस दिसले की बंद करायचा' ही ज्या वस्तूची जाहिरात, ती कायद्यात बसणारी कशी असेल? आवाजाचीच हौस असेल तर पुढची गाडी घेताना आय-ट्वेंटी एन लाइन चालवून बघा, तिचा एक्झॉस्ट कंपनीनेच जरा घुमणारा करून दिलाय, आणि ती चाचणी पास होऊनच रस्त्यावर येते.

बाकी, नवीन मफलर लावल्यावर पंधरा दिवसांनी गाडी पुन्हा रॅम्पवर घेऊन नट आवळून घ्या आणि हँगरची रबरं बघा. गरम-थंड होऊन पहिल्या महिन्यात सगळं थोडं सैल होतं, आणि लोकांना वाटतं मफलरच खराब निघाला.